चाकणची रेकी आणि एक पेढा

साताऱ्याच्या स्टँडवर आईने माझ्या हातात कंदी पेढ्यांचा खोका ठेवला. "मृणालच्या मावशीकडे उतरताय, रिकाम्या हाताने जाऊ नका," म्हणाली. माझं डोकं तिथूनच फिरायला लागलं. मावशी मृणालची, ओळखी मृणालच्या, गाडीत खिडकी मृणालला, आणि पेढे तेवढे आमच्या घरचे.

प्रवासाचं कारण सांगते. आमच्या सिनेमाच्या वर्गाला यंदा एका गाण्याचा व्हिडिओ करायचा आहे. गाणं वर्गातल्याच ओंकारचं. गाण्यात चाकणच्या कंपनीत कामाला असलेला एक पोरगा आहे, आणि त्याच्या आवडत्या मुलीचा बाप म्हणतो, पर्मनंट झालास की मग मागणी घालायला ये. दिग्दर्शनासाठी वर्गात हात दोघींचेच वर झाले, माझा आणि मृणालचा. सर म्हणाले, "दोघी चाकणला जा, संशोधन करून या. जिचं चांगलं, तिने व्हिडिओ करायचा. दुसरीने तिच्या हाताखाली राहायचं." वर त्यांचा नेहमीचा नियम सांगितला. आधी नुसतं बघायचं, मग विचारायचं, मग गप्प बसून ऐकायचं. कॅमेरा सगळ्यात शेवटी.

मी किती राबले म्हणून सांगू. तसले व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहून कुठे काय चुकलंय ते टिपलं. गाणं कोण ऐकणार, कशावर ऐकणार, याची प्रश्नावली मोबाइलवर तयार केली. शेवटचं दृश्यसुद्धा ठरवलं होतं: कंपनीच्या गेटबाहेर हिरोला मित्रांनी खांद्यावर घेतलंय आणि गुलाल उडतोय. मृणालची तयारी विचाराल, तर "बघू गं तिथे गेल्यावर." आणि एवढं बोलून ती कात्रजचा घाट येईपर्यंत झोपली. उतरताना वाहकाने बॅग मात्र तिचीच खाली काढून दिली.

चिंचवडला मावशींनी जेवायला मासवडी केली होती (नावात मास असलं तरी मांस नाही, बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी आणि बरोबर झणझणीत रस्सा). मला दोन वाढल्या. मृणालच्या ताटात किती पडल्या ते मी मोजलं नाही, कारण मोजलं असतं तर जेवण गेलं नसतं. गॅलरीतून खाली रस्ता दिसत होता. कंपन्यांच्या बसमागून बस जात होत्या आणि प्रत्येक खिडकीला एक डोकं टेकून झोपलेलं होतं. हे मी टिपून घेतलं. मृणाल मावशींना केस विंचरून देत होती.

दुसऱ्या दिवशी भोसरीहून चाकणची बस धरली. नाशिक रस्त्याला नव्या कोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले ट्रेलर एकामागे एक उभे होते. आमची बस त्यांच्यामध्ये अडकून इंच इंच सरकत होती. बाजाराजवळ आलो तसा कांद्याचा उग्र वास आत शिरला. बाकी कुणी नाकाला रुमाल लावला नाही, म्हणून मीही नाही लावला.

चौकात पाळी सुटल्यावर उतरलेल्या मुलांचा घोळका चहाच्या गाडीवर होता. मी सरांचा नियम पाळून लांबून बघितलं आणि मग पुढे होऊन प्रश्नावलीचा कोड दाखवला. "दादा, एवढं स्कॅन करता का?"

"पैसे कशाचे ताई?" एकाने विचारलं.

"पैसे नाहीत हो, सर्व्हे आहे."

"विमा काय?" दुसरा म्हणाला आणि सगळे हळूहळू गाडीच्या त्या बाजूला सरकले. त्या बाजूला मृणाल उभी होती. तिने नुसतं "चहात आलं जास्त घालतात का इथे?" एवढंच विचारलं आणि ही पोरं तिला आपापली गावं सांगायला लागली. कोण कुठल्या लाइनवर आहे, कोणाच्या मेसमध्ये पोळ्या कच्च्या असतात, सगळं. माझा असा जळफळाट झाला की हातातला चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी कळलं नाही.

हिच्यापुढे जायचं तर काहीतरी जबरी करायला हवं होतं. म्हणून मीच म्हटलं, आपण पोरांच्या खोल्या बघू. चाकणच्या कडेच्या एका वाडीत शेतात बांधलेली भाड्याच्या खोल्यांची लांबलचक रांग होती. बाहेर दोरीवर सगळे निळे गणवेश वाळत होते. मी दारं बघितली, खिडक्या बघितल्या, आत कुणी आहे का तेही वाकून बघितलं आणि मोबाइलवर मोजमापं टिपायला लागले. तेवढ्यात खोल्यांचे मालक आले. उंच, पांढरी टोपी. त्यांना सगळे आप्पा म्हणत होते.

"काय चाललंय पोरींनो?"

मी छाती काढून सांगितलं, "आम्ही रेकी करतोय."

सिनेमावाल्यांत रेकी म्हणजे चित्रीकरणाआधी जागा बघून ठेवणं. सरांच्या तोंडी दिवसभर हाच शब्द असतो. पण बाकी जगात रेकी कोण करतं, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. आप्पांचा चेहरा बदलला. "मागल्या टायमाला आशीच रेकी झाली आन् आमच्या दोन गाड्या गेल्या," ते म्हणाले. "बसा हितं ओट्याव. पोलीस पाटलाला बोलावतो."

मी ओळखपत्र काढलं, सरांचं पत्र दाखवलं. आप्पा म्हणाले, "कागद काय, कुनीबी छापतंय." तेवढ्यात आतून काकी, त्यांच्या मालकीणबाई, भिंतीला धरत बाहेर आल्या.

"रेकी म्हंजी त्ये हात ठिवून दुखनं घालवत्यात, त्येच का गं? माजा गुडघा लई दुखतोय."

"बघू काकी," मृणाल म्हणाली आणि चक्क त्यांच्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून बसली. "आम्हाला ती रेकी येत नाही हो. आम्ही गाण्याचा व्हिडिओ करायला आलोय. पण चोळून देते." मग माझ्या पिशवीत हात घालून, मला न विचारता, पेढ्यांचा खोका काढला. निम्मे मावशींकडे ठेवून निम्मे मी परतीच्या वाटेसाठी आणले होते. "घ्या आप्पा, साताऱ्याचे आहेत."

आप्पा हसले. काकींनी पेढा खाल्ला. खोल्यांतली पोरं जमली. माझ्या आईने दिलेले पेढे, आणि नाव मृणालचं. त्या क्षणी मला ती मनापासून नकोशी झाली. चोरीचा आळ परवडला, असं वाटलं.

खोका फिरत फिरत भिंतीला टेकून बसलेल्या एका मुलापाशी आला. त्याने तो तसाच पुढे दिला. "नको. मी पेढा खात न्हाई." मृणाल आप्पांशी बोलण्यात गुंग होती. मी मात्र त्याच्याकडेच बघत होते, कारण मीही एकही घेतला नव्हता. मी जवळ जाऊन बसले. प्रश्नावली काढली नाही.

"गोड आवडत नाही?"

"आवडतं की."

मी गप्प बसले. सर सांगतात म्हणून नाही, मला बोलवतच नव्हतं. थोड्या वेळाने तोच बोलला. त्याने नाव सांगू नको म्हटलंय, म्हणून त्याला दत्ता म्हणते. गाव परभणीकडचं.

"मी अन् माझा दोस्त एकाच दिवशी कंपनीत लागलो. एकच लाइन, एकच खोली. त्याचं पर्मनंट झालं, माझं न्हाई. तो पेढे घेऊन आला अन् पहिला माझ्या तोंडात घातला. मी मिठी मारली. फोटो काढला. मग नळावर जाऊन थुंकला तो पेढा. तवापासून जात न्हाई."

"दोस्त?"

"लई चांगलाय ओ ताई. माझं काम व्हावं म्हणून सायबाशी बोलायलाय. तेच तर सहन होत न्हाई." त्याने फोन काढून फोटो दाखवला. त्यात दोघं होते. "बघा, जास्त मीच हसायलोय."

गेटबाहेरचा माझा गुलाल तिथेच धुऊन निघाला. हे गाण्यात घेतलं तर चालेल का, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "घ्या. नाव तेवढं नको." ओट्यावर मृणाल काकींच्या गुडघ्याला तेल लावत होती, आणि काकी तिला पुन्हा कधी येणार म्हणून विचारत होत्या.

परतीच्या गाडीत मृणाल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. झोपण्याआधी म्हणाली, "कल्याणी, तू होतीस म्हणून खोल्यांपर्यंत पोचलो." ती असंच बोलते, खरं वाटून बोलते. दत्ताचं मी तिला सांगितलं नाही. साताऱ्यापर्यंत खांदा अवघडून बसले.

वर्गात आधी मृणालने सांगितलं. चहाची गाडी, मेसच्या पोळ्या, आप्पा, काकी. वर्ग खळखळून हसला. मग मी फक्त पेढ्याचं सांगितलं, खरं नाव न घेता, दत्ता म्हणून. कुणी हललं नाही. ओंकारने आपल्या गाण्याचं पर्मनंट झाल्याच्या आनंदाचं शेवटचं कडवं काढून घेतलं.

सर म्हणाले, "व्हिडिओ पेढा थुंकणाऱ्यावर होणार. दृश्य कल्याणीचं." माझा ऊर भरून आला. "पण दिग्दर्शन मृणाल करेल. चाकणला पुन्हा जायचंय, आणि तिथली दारं तिला उघडतात."

दुसऱ्या दिवशी मृणालने वर्गात कंदी पेढे वाटले. आमच्याच आळीतल्या हलवायाचे. सगळ्यांआधी माझ्याकडे आली आणि स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात पेढा घातला. मी तिला मिठी मारली. अभिनंदन म्हटलं. हसलेसुद्धा. ती दोन पावलं मागे सरली आणि बोटांची चौकट करून माझ्याकडे बघायला लागली.

"कल्याणी, हलू नकोस," ती हळूच म्हणाली. "दत्ताचा चेहरा असाच पाहिजे मला. तसाच धर."

धरायला काय लागतंय? पेढा अजून तोंडातच होता.