राखून ठेवलेली खाट

शिंप्याची थोरली लेक नर्स झाली ती ऐन लढाईत. वॉर्डात खाटा मोजक्या आणि जखमींना तोटा नाही. त्यांना आणून सोडणारा रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर जाताना रोज तिला चिडवायचा, "माझ्यासाठी एक खाट राखून ठेव गं."

"मेल्या, भलतंसलतं बोलू नकोस," ती डाफरायची. लढाई संपली की दोघांचं लग्न, हे घरच्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

एका दुपारी त्यालाच स्ट्रेचरवरून आणलं. तासाभरात तो तिच्या डोळ्यांदेखत गेला. दारात जखमींची रांग होती. रडायला सवड कुणाला होती? तिने चादर बदलली आणि पुढच्या सैनिकाला तिथेच निजवलं.

थंडीने काकडलेला तो पुटपुटला, "सिस्टर, गादी किती उबदार आहे."

"हो," त्याच्या गळ्यापर्यंत पांघरूण ओढत ती म्हणाली, "राखून ठेवली होती."