रोट चालणारं रक्त

माझ्या सासऱ्यांइतका खात्रीने बोलणारा, आणि त्या खात्रीने ऐकणाऱ्याला गोंधळात टाकणारा माणूस सबंध खान्देशात दुसरा सापडणार नाही. पारोळ्याच्या बाजारात अनोळखी माणूस भेटला की ते आधी त्याचं गाव विचारतात, मग भाऊकी, मग मामाचं कूळ, आणि त्याचं स्वतःचं नाव विचारायचं राहूनच जातं. नुसत्या चालीवरून ते कूळ ओळखतात. बँकेतल्या नव्या साहेबांना त्यांनी असंच ओळखलं होतं. साहेब निघाले केरळचे. तरी सासरे म्हणाले, "मूळ इकडलंच व्हई." मी त्यांचा जावई होऊन सोळा वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी मी नेमका कोण, हे मला अजून उलगडलेलं नाही.

त्यांच्या जगात माणसं दोनच प्रकारची: ज्यांना कानबाईचे रोट चालतात ती, आणि बाकीची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात खान्देशाची देवी कानबाई बसते. माणशी मूठ मोजून गहू दळतात, आणि त्याचे जाड, गोड रोट भाऊकीनेच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे. सून आली की तिच्या नावाची मूठ पडते, लेक सासरी गेली की तिची मूठ बंद होते. त्यामुळे दर श्रावणात माझी बायको माहेरी पुरणपोळी पोटभर खाते, पण रोटांचं ताट आलं की उठून ओसरीवर माझ्या शेजारी येऊन बसते. तिथे आम्ही दोघं उगीचच रस्त्याकडे बघत बसायचो.

गेल्या वर्षी हर्नियाच्या ऑपरेशनआधी सासऱ्यांचं रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी फारच कमी निघाल्या. दुसऱ्यांदा तपासलं, तरी तेवढ्याच. ऑपरेशन थांबलं. जळगावच्या डॉक्टरांनी समजावलं, की काही घराण्यांत या पेशी पिढ्यान्‌पिढ्या कमीच असतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. रिपोर्टवर छापलेला आकडा भलत्याच मुलखातल्या लोकांच्या रक्तावरून ठरलेला असतो. पण घरात दुसऱ्या कुणाच्या कमी नसतील, तर मोठ्या आजाराची शंका येते, मग कमरेच्या हाडात सुई घालून तपासावं लागेल. "तुमच्या रक्ताच्या माणसांचे रिपोर्ट आणा," ते म्हणाले. रक्त आपलं आणि आकडा दुसऱ्यांचा, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. सासऱ्यांच्या डोक्यात फक्त सुई शिरली होती. घरी येऊन त्यांनी दोन्ही मुलांना विहिरीची मोटर कशी चालू करायची ते नीट दाखवलं. मुलं ती दहा वर्षांपासून चालवताहेत. त्यांनी मुकाट्याने बघून घेतलं.

कानबाईच्या रविवारी त्यांनी पूजेआधी लॅबवाल्याला घरी बोलावलं आणि गव्हाच्या मुठींची यादी त्याच्या हातात दिली. "जेले रोट चालस, तो आम्हना. बठ्ठासनं रगत काढ." सगळ्यांचं म्हणजे सासूबाई, दोन मुलगे, दोन सुना. माझी बायको लॅबवाल्याला चहा देत होती. रिपोर्ट आले तर पाचही जणांच्या पेशी ठणठणीत. सासरे त्या दिवशी जेवलेच नाहीत.

बुधवारी आम्ही तिघं जळगावला गेलो. डॉक्टर यादी बघत राहिले. "यात तुमच्या रक्ताचे म्हणावेत असे फक्त दोन मुलगे. बहीण नाही? मुलगी?"

सासऱ्यांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "त्या सासरले दिधेल शेतस. त्यासले रोट चालत नहीत."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. मागे फाईल धरून बसलेल्या बायकोने बाही वर केली. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट आला: पेशी कमी, अगदी वडिलांसारख्या. दुसऱ्या दिवशी चाळीसगावच्या अक्कांचा, म्हणजे सासऱ्यांच्या मोठ्या बहिणीचा आला. तोही तसाच. अक्का ऐंशीच्या, आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी चढलेल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, "इतला सालमा माले कोनी ईचारं का?" सुई टळली, ऑपरेशनची तारीखही मिळाली.

शुक्रवारी आम्ही पारोळ्यात होतो. उरलेल्या रोटांचं ताट आत गेलं, बायको सवयीने उठून ओसरीवर आली. मागोमाग सासरे ताट घेऊन आले, तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "खाय, बेटा."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "कानबाई कोपई ना."

"तिनी ईचारं तं मी रिपोर्ट दखाडसू," सासरे म्हणाले. बायको रोट खाता खाता रडत होती, आणि ते पुन्हा पुन्हा, "गोड शे ना?" एवढंच विचारत होते.

यंदा गहू मोजताना मी कान देऊन होतो. नव्याने जन्मलेल्या नातवाची मूठ पडल्यावर सासरे क्षणभर थांबले, मग लेकीचं नाव घेऊन त्यांनी एक मूठ टाकली. चांगली भरून. माझ्या नावाची अर्थातच नव्हती. रोटांच्या वेळी ओसरीवर आता मी एकटाच असतो; आतून तिच्या हसण्याचा आवाज येतो, आणि मी शेजारची रिकामी जागा तशीच ठेवून रस्त्याकडे बघत बसतो.