आत्याने शेजारणींच्या खोल्या भरल्या

तुमच्या धंद्याची चावी तुमच्याच कमरेला आहे, की ती कुणा कंपनीकडे देऊन तुम्ही निर्धास्त झालात? हा प्रश्न माझी आत्या नागावात भेटेल त्याला विचारते, आणि अख्ख्या रायगडच्या किनाऱ्यावर तो विचारण्याचा हक्क तिच्याइतका दुसऱ्या कुणालाही नाही, असं माझं ठाम मत आहे. नारळाच्या वाडीतल्या चार खोल्या पर्यटकांना देणारी ही बाई बोटांवर हिशेब करते, चष्मा पदराने पुसते आणि समोरचा मुंबईहून बोलत असेल तर आवाज थेट मुंबईपर्यंत पोचेल असा लावते. आणि तरीही तिचा सगळा धंदा क्लाउडवर आहे!

म्हणजे काय, तर तिच्या आणि शेजारच्या चार घरांच्या खोल्यांचं एकच वेळापत्रक इंटरनेटवर ठेवलेलं आहे. प्रत्येक घराला एक रकाना. कुणीही आपल्या मोबाइलवर उघडावं आणि कुठली खोली कधी भरली ते पाहावं. हे तिच्या सुनेने करून दिलं तेव्हा आत्याचा काडीचा विश्वास नव्हता. मग एकदा पंप का चालत नाही म्हणून ती विहिरीत वाकली आणि कमरेचा मोबाइल डुबुक्कन पाण्यात गेला. सुनेने आपला मोबाइल उघडून दाखवला, तर शनिवारची सगळी मंडळी जागच्या जागी. "माजा फोन बुडला, पन पावने न्हाय बुडले!" असं म्हणून आत्या त्या दिवसापासून प्रचारक झाली. मासळीवालीला सांगून झालं, मुरुडच्या एसटीत कंडक्टरला समजावून झालं. तो ऐकत राहिला, ती सांगत राहिली आणि नागावचा थांबा मागे पडला. वेळापत्रकात पाहुण्याच्या नावापुढे ती जे लिहिते, ते तर पाचही घरं चवीने वाचतात. "ठाण्याचे मास्तर. मांदेली खातात. कोलंबी नको. बायकोशी अबोला, खाटा लांब टाकणे."

याच सुमारास शहरातल्या एका कंपनीचा माणूस पाचही घरांत फिरू लागला. सगळ्या खोल्या आम्हाला द्या, बुकिंग आम्ही बघू, तुम्ही फक्त रांधा आणि झाडा. मात्र परस्पर एकही पाहुणा घ्यायचा नाही. आपल्याच घरात आपण नोकर! मी संतापून पत्रक लिहिलं आणि छापून वाटलं. आत्या म्हणाली, "तुज्या पत्रकानं येक तरी खोली भरली का गो?" शेजारणी मात्र सहीच्या बेतात होत्या. चौघी गेल्या असत्या तर आत्या एकटी किती दिवस तग धरणार होती?

आणि नेमका तेव्हाच तिने घोळ घातला. दिवाळीच्या सुट्टीत डोंबिवलीचं एक भलंमोठं कुटुंब आलं. तिच्या खोल्या पुरेनात. आमच्याकडे लग्नात पाहुणे जास्त झाले की शेजारच्या ओटीवर अंथरुणं पडतात, विचारत कुणी नाही. आत्याने तेच केलं: उरलेली माणसं सरळ शेजारणींच्या रकान्यांत लिहून टाकली. पलीकडच्या काकीने मोबाइलवर भरलेल्या खोल्या पाहिल्या आणि स्वतःच्या पाहुण्याला नाही म्हणून सांगितलं. मग ती आत्याची माणसं आहेत हे कळलं तशी ती तरातरा आत्याच्या अंगणात आली. कंपनीचा माणूस तिथेच चहा पीत होता.

"आगो, माज्या खोलीत तुजी मानसं कशी?"

"माज्या पोराच्या लग्नात तुज्याच ओटीवर झोपली ना? तवा इचारलं व्हतं?"

"तवा भाडं नव्हतं!"

"मग घे की भाडं! जेवन तुज्याकडं, भाडं तुला. मी काय हात धरलाय?"

काकीचा कमरेवरचा हात खाली आला. "मग आदी फोन करत जा," ती म्हणाली, "मी चादरी तरी बदलीन."

"असं सिस्टीममध्ये चालत नाही हो," कंपनीचा माणूस कळवळून म्हणाला.

"आमच्यात चालतं," हे आत्या नाही, काकी म्हणाली! त्या दिवशी एकीनेही सही केली नाही. तेव्हापासून नियमच आहे: आपलं घर भरलं की शेजारणीला फोन करायचा आणि पाहुणा तिच्या रकान्यात लिहायचा. पाच घरांच्या या मंडळींचा मला जेवढा अभिमान आहे, तेवढा मी लिहिलेल्या एकाही घोषणेचा नाही.

यंदा मात्र पाचांतल्या मागच्या घराने वाडी विकली आणि तिथली शेजारीण पनवेलला राहायला गेली. माड तुटले, तिथे कुणाच्या तरी बंगल्याची उंच भिंत आली. सून तो रकाना पुसायला निघाली, तर आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो. तिला तिकडं पनवेलात करमत न्हाय." सकाळी चहा घेताना ती वेळापत्रक उघडते, एकेक रकाना बोटाने सरकवते, आणि त्या कोऱ्या रकान्यावर तिचं बोट थोडं रेंगाळतं. लिहिण्यासारखं काही नसतं. तरी ती बघते.

म्हणून एवढंच करा. नागावला, काशीदला, मुरुडला याल तेव्हा फोन थेट घरी लावा आणि घरच्या बाईशी बोला. तिच्याकडे जागा नसेल तर ती ज्या शेजारणीचं घर सांगेल, तिथे मुकाट्याने उतरा.