रहीमचाचांच्या कागदावरचा धैवत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बँडातल्या एकालाही नाही. तुम्हालाच का सांगतो आहे — ते मलाही नीट कळत नाही. पण आज हात थांबत नाही, आणि बरं वाटतंय.

खामगावच्या आमच्या लग्नाच्या बँडात मी कागद उतरवायचो. उस्ताद कामठीच्या छावणीत गोऱ्या पलटणीच्या बँडात वाजवून आलेले. चालीखाली तीन सूर एकदम कसे धरायचे, ते त्यांनीच शिकवलं. त्या जुडीला ते कॉर्ड म्हणत. ते सगळं एका वहीत लिहीत, आणि मी ज्याचा त्याचा सूर वेगळ्या कागदावर काढून देई. अक्षर माझं चांगलं — आणि त्याची घमेंडही होती, खोटं कशाला बोलू?

एका चालीचा शेवट मला फार साधा वाटायचा. सा, ग, प. नेहमीचंच. मला सुचलं, तिथे दुसरी कॉर्ड ठेवावी: ध, सा, ग. दोघांचे सूर जागचे हलत नाहीत, फक्त पंचमवाला एक पायरी वर, धैवतावर सरकतो. एवढीशी हालचाल, पण चाल दारापर्यंत येऊन अंगणातच रेंगाळल्यासारखी वाटते. उस्तादांना विचारायला हवं होतं. ते नाही म्हणतील, म्हणून विचारलं नाही. आधी वाजू दे, वाहवा होऊ दे, मग सांगू — असा बेत. पंचम होता रहीमचाचांचा. त्यांच्या कागदावर मी परस्पर धैवत लिहिला.

रहीमचाचा पिंजारी. एरवी कापूस पिंजायचे, लग्नसराईत क्लॅरिनेट वाजवायचे. कागद वाचायला उशिरा शिकले, पण शिकले होते पक्के.

नांदुऱ्याच्या फलाटावर नवरदेव उतरला आणि आम्ही ती चाल धरली. शेवट आला — आणि खालचा जाड सूर धरणाऱ्या मोठ्या पितळी भोंग्याचा पंचम चाचांच्या धैवताला भिडला. कानात खडा गेल्यासारखं झालं. भोंग्याच्या कागदावरही तोच पंचम होता, आणि तो बदलायला मी विसरलो होतो. वऱ्हाडी मंडळी हसली. उस्ताद चाचांकडे वळले.

"कागदावर असंच हाय, उस्ताद," चाचा म्हणाले.

कागद गोळा करणं माझं काम. चाचांचा कागद माझ्या हातात होता. चूक माझी, एवढंच म्हणायचं होतं ना? मी काय केलं? कागद घडी घालून खिशात टाकला, उस्तादांपुढे त्यांचीच वही उघडून धरली आणि म्हणालो, "इथं पंचमच हाय. चाचाले दिसलं नसंल."

चाचा रागावले असते तर — पण ते वहीकडे बघत डोळे चोळायला लागले. कापसाची कणी जाऊन जाऊन नजर गेली असणार, असं मग त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. मी मान डोलावली. उस्तादांनी त्यांना झांजा दिल्या. झांजेला कागद लागत नाही. क्लॅरिनेट पुसून चाचांनी स्वतः माझ्याकडे आणून दिली.

"तुही नजर चांगली हाय. तूच वाजव बे."

मी घेतली. कितीतरी वर्षं वाजवली, त्यांच्या शेजारून चालत. चाचा गेले तेव्हाही डोळ्यांनाच दोष देत होते.

लिहिलं एकदाचं. छाती हलकी झाली, तेही लपवत नाही. त्यांना याचा काही उपयोग नाही, हेही कळतं.

रहीमचाचांचे डोळे चांगले होते. कागदावर होतं तेच त्यांनी वाजवलं.