साबणाच्या डबीतली घंटा

मुकटा नेसून सोल्डरिंग करणारा माणूस गंगेकाठच्या दुर्गाघाटावर एकच होता. सकाळची पूजा आटोपली की रेडिओगुरुजी त्याच सोवळ्यात खिडकीशी पाट मांडून बसत आणि कुणाचा तरी पोट उघडं पडलेला रेडिओ पुढ्यात ओढत. कपडे बदलण्यात वेळ कशाला घालवायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मुकट्याला मांडीवर मोहरीएवढी जळकी भोकं पडली होती, आणि जवळ गेलं की चंदनाचा न् सोल्डरिंगच्या राळेचा वास एकदमच येई. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसे, म्हणून विजेच्या सोल्डरिंग आयर्नशेजारी तांब्याच्या टोकाची एक जुनी दांडीही ते ठेवत. वीज गेली की ती शेगडीच्या निखाऱ्यात खुपसायची आणि काम पुढे चालू.

गल्लीतले हिंदी बोलणारे त्यांना ‘रेडियो पंडितजी’ म्हणत, आम्ही मराठी घरांतले रेडिओगुरुजी. चरितार्थ वेदपठणाचा आणि पूजाअर्चेचा. हे दुसरं सगळं हौसेखातर. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. दालमंडीच्या बाजारातून सुटे भाग आणायला जाताना पंचांगाच्या पाठकोऱ्या पानावर नुसते नंबर लिहून नेत. हिंदी मासिकांतली सर्किटं जोडता जोडता ते स्वतःचीच सर्किटं काढायला लागले. टाकी भरली की ओरडणारा भोंगा, गच्चीवर माकडं आली की वाजणारी तार, असल्या वस्तू त्यांनी घरोघर लावून दिल्या होत्या. माकडांच्या तारेवर माकडांपेक्षा वाळत घातलेली धोतरंच जास्त वाजत, ही गोष्ट वेगळी.

बिघाड शोधायची त्यांची रीत वेदपाठशाळेतली होती. वेद पाठ करताना नुसतं सरळ म्हणून भागत नाही. पहिला शब्द दुसऱ्याशी जोडून म्हणायचा, मग दुसरा तिसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी. याला क्रम म्हणतात. पुढे त्याच जोड्या उलटसुलट फिरवून म्हणायचे प्रकार आहेत, म्हणजे मधलं एक अक्षरही निसटत नाही. गुरुजी सर्किटचाही क्रम म्हणत. बॅटरी-बटण, बटण-रेझिस्टन्स, रेझिस्टन्स-ट्रान्झिस्टर, असं मोठ्याने म्हणत प्रत्येक जोडीवर मीटरच्या काड्या टेकवायच्या, आणि शेवटाला पोचलं की तीच वाट उलटी चालायची. मी तेव्हा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि मला स्वतःच्या हुशारीबद्दल जरा जास्तच खात्री होती. “इथवर ठीकच असणार, गुरुजी,” असं मी म्हणाले की ते शांतपणे म्हणत, “बेटा, जिथे तुझी तसल्ली झालेली आहे ना, आधी तिथेच काडी टेकव.”

माझे बाबा आणि ते पाठशाळेत एका ओळीत बसून शिकलेले. बाबा स्वभावाने महाकठीण. कुणी चुकीचा उच्चार केला तर लग्नाच्या मांडवातही ते टोकल्याशिवाय राहत नसत. गुरुजींवर मात्र त्यांना टोकायची पाळी कधी आली नव्हती, आणि याचा गुरुजींना मनातून फार अभिमान होता.

त्या वर्षी श्रावणात बाबांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, अंग गेलं. डोळे उघडे असत, पण ते छताकडे लागलेले. उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं अधूनमधून हले. त्यांना काही समजतंय की नाही हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला येणारे लोक त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याबद्दल ‘फार मोठे विद्वान होते’ असं बोलायला लागले. कानपूरहून रजा काढून आलेला माझा थोरला भाऊ, दादा, रोज त्यांच्या कानाशी वाकून विचारायचा, बाबा, ओळखलंत का, बोट हलवा. बोट हलत नसे. दादाने हळूहळू आशा सोडली. आई मात्र पूर्वीसारखीच त्यांच्याशी बोलत राही, आज भाजी कसली आणली इथपासून.

गुरुजींनी हे सगळं पाहिलं आणि घंटा करायला घेतली. बटण दाबायची ताकद त्या बोटात नव्हती. म्हणून त्यांनी एका जुन्या ताम्हनाच्या पितळेतून दोन पट्ट्या कापल्या आणि लाकडाच्या तुकड्यावर अगदी जवळजवळ बसवल्या. दोन्ही पट्ट्यांना एकदम बोट लागलं की कातडीतून मुंगीच्या पावलाएवढी वीज जाणार, ती दोन ट्रान्झिस्टर वाढवणार आणि घंटा वाजणार. सर्किट साबणाच्या डबीत बसलं. पट्ट्या बाबांच्या बोटाखाली बांधल्या. बाबांनी वाजवली तर ते आत आहेत; इतकी साधी गोष्ट होती, आणि आमच्या घरात त्याहून मोठी गोष्ट तेव्हा दुसरी नव्हती.

पहिले चार दिवस घंटा वाजली नाही. मग खंडेनवमी आली, आणि दसऱ्याच्या पहाटे ती खणखणीत वाजली. संध्याकाळी पुन्हा वाजली. पुढे रोजच तसं होऊ लागलं, बरोबर बाबांच्या संध्येच्या वेळेला. आईचा चेहरा उजळला. ती धावत जाऊन पळी-पंचपात्र त्यांच्याजवळ ठेवायची. गल्लीतल्या बायका दर्शनाला यावं तशा यायला लागल्या. मग एका पहाटे दादाने बाबांचा हात उचलून पट्ट्यांवरून बाजूला घेतला. घंटा वाजतच राहिली. दादाने माझ्याकडे पाहिलं.

गुरुजी दुपारी आले. डबी उघडून त्यांनी अख्खा क्रम म्हटला, सरळ आणि उलटा. सगळं चोख. मग म्हणाले, दुपारी बरी आणि सकाळ-संध्याकाळ आजारी, म्हणजे हिला ओल बाधते आहे. त्यांनी सर्किटवर तोंडाने वाफ सोडली. घंटा वाजली. त्यांनी ते उपडं केलं तर खालून लाल-पिवळं.

“वहिनी, हिची पूजा केलीत का?”

आई अभिमानाने हो म्हणाली. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायची, मग ही तर बाबांची वाचा. नुसत्या डबीला हळदकुंकू लावून मन भरेना, म्हणून तिने झाकण काढून, सर्किट उपडं करून त्याच्या सपाट पाठीवर बोटं ओढली होती आणि वर गंगाजल शिंपडलं होतं. शेजारी तबक धरून, सातवीला सुवाहक आणि दुर्वाहक शिकवणारी मी उभी होते. नदीवरची ओलसर हवा पहाटे-संध्याकाळी वर आली की ते कुंकू ओलावायचं आणि बाबांच्या बोटाचं काम तेच करायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुजी एका शब्दाने रागावले नाहीत. इंजेक्शनच्या वेळी लावतात त्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून त्यांनी ते सगळं पुसलं, आणि पुसण्याआधी न विसरता नमस्कार केला.

त्या संध्याकाळी घंटा वाजली नाही. दुसऱ्या पहाटेही नाही. तिसऱ्या दिवशी आईने बाबांशी बोलणं थांबवलं. ती त्यांचं सगळं करत होती, पण मुकाट्याने. मला ते बघवेना, मी गुरुजींकडे गेले. घंटा दुरुस्त करून तुम्ही आमचे बाबा नेलेत, असं काहीतरी वेडंवाकडं बोलले आणि रडले. त्यांनी मला पाटावर बसवलं. मग त्यांनी विचारलं, “तुम्ही लोक त्याला काय विचारता?” मी सांगितलं, ओळखलंत का, पाणी हवं का. ते म्हणाले, “विन्या असल्या प्रश्नाला धडधाकट असतानाही उत्तर द्यायचा नाही. मागणं तर त्याच्या रक्तातच नाही. पण चूक त्याला ऐकवत नाही.”

आमच्याकडे येताना जिन्यात त्यांनी मला बेत सांगितला. ते वेदातला क्रम म्हणणार होते आणि अगदी शेवटी, शेवटच्या जोडीत, मुद्दाम चुकणार होते. घंटा तिथे वाजली तर विनायक आत आहे. हे सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा चुकायचं होतं, तेही मित्रासमोर.

ते पाट घेऊन बाबांजवळ बसले. दादा दाराशी उभा राहिला. आई भिंतीकडे तोंड करून वाती वळत होती. गुरुजींचा आवाज खोलीत भरला, आणि अर्ध्यावरही पोचले नसतील तोच घंटा वाजली.

आई वाती टाकून उठली. गुरुजींनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांचा चेहरा पडला होता. चूक अजून व्हायचीच होती, म्हणजे घंटा पुन्हा आपली आपण वाजली होती. त्यांनी डबीकडे हात नेला, झाकणावर बोट ठेवलं आणि तसेच थबकले. जिथे तसल्ली झालेली आहे, आधी तिथेच. डबी सोडून ते डोळे मिटून स्वतःचंच म्हटलेलं पुटपुटायला लागले, बोटांची पेरं मोजत, शेवटाकडून मागे. एका पेरावर अंगठा थांबला. पुन्हा तिथून पुढे म्हटलं, पुन्हा मागे आले.

“एक जोडी गळली,” ते म्हणाले. “विन्या, माझी जोडी गळली रे.”

त्यांनी ती जोडी नीट म्हटली. बाबांचं बोट पट्ट्यांवरून हळूच बाजूला झालं आणि घंटा थांबली. ते आम्ही चौघांनीही पाहिलं. दादा दारातच खाली बसला. आई बाबांच्या पायांशी गेली आणि साचलेलं सगळं एकदम बोलायला लागली, त्यात दुधवाल्याचीही तक्रार होती. मला इतकं हलकं वाटलं की मी वेड्यासारखी हसत सुटले. आणि गुरुजी, ज्यांचा साठ वर्षांचा अभिमान नुकताच मोडला होता, उपरण्याने डोळे पुसत आमच्याहून जास्त हसत होते.

बाबा त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं होते. गुरुजी रोज दुपारी येऊन म्हणत, बाबा टोकत. पुढे पुढे बाबा पाण्यासाठीही वाजवायला लागले, पण गुरुजींच्या चुकीला वाजवत तशी ऐट त्यात नसे. त्यांना मणिकर्णिकेला नेलं तेव्हा आईच्या मनात बोलायचं राहिलं असं काही उरलं नव्हतं. हे तिनेच मला सांगितलं.

पुढच्याच वर्षी गुरुजींची मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. त्यांचा मीटर त्यांनी मला दिला. अजून काहीही बंद पडलं की मी आधी माझ्या खात्रीच्या जागीच काडी टेकवते आणि बहुतेक वेळा तिथेच सापडतं. स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी मी त्यांना विचारलं, गुरुजी, तुम्ही ती मुद्दामची चूक शेवटी कधी केलीत?

“राहूनच गेली, बेटा,” ते खिडकीतून म्हणाले. “दोन वर्षं माझ्या माझ्याच चुका पुरल्या.”