ढोलाखालची किंकाळी

जेवताना लेकीने मोबाइल पुढे केला. "आई, हे बघ. तुझ्या त्या स्टुडिओतला सिनेमा! रविवारी दुपारी दाखवणार आहेत. तिकिटं काढली मी."

पोस्टरवर हातात कोयता घेतलेली नटी होती. आईला घास गिळवेना, तरी तिने तो गिळला, कारण समोर नवरा बसला होता आणि त्यालाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

लग्नाआधी ती त्या स्टुडिओत कपडे शिवायची. अंगाने काटकुळी आणि बोलायला टोचरी, म्हणून सगळे तिला 'सुई' म्हणायचे. सिनेमा सूडाचा होता. गुंड एका बाईवर हात टाकतात, मग ती एकेकाला गाठून मारते. हात टाकायच्या प्रसंगाला नटी अडून बसली. दिग्दर्शकाची नजर सुईकडे गेली. बांधा सारखाच होता.

"फक्त पाठ दिसेल गं. दोघं जरा ओढाताण करतील, मी 'कट' म्हणेन, संपलं."

नाही म्हटलं तर काम जाईल, या भीतीने ती उभी राहिली. ओढाताण सुरू झाली, बाही फाटली, तरी 'कट' येईना. त्या दोघांचे हात जिथे जायला नको तिथे गेले. ती खरीखुरी ओरडली, आणि दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून म्हणाला, "चालू दे, चालू दे!" शेवटी एका लाइटवाल्याने आपण होऊन दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून ती तिकडे फिरकली नाही. सिनेमा आपटला, आणि तिने सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे लग्न झालं, लेक झाली, मायलेकींनी मिळून शिलाईचं दुकान काढलं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली. आणि आता कुठल्याशा हौशी तरुणांनी हा पडेल सिनेमा उकरून काढून डोक्यावर घेतला होता. म्हातारा दिग्दर्शकही गप्पा मारायला येणार होता.

नको म्हणावं, तर लेक का म्हणून विचारणार. शिवाय पडद्यावर नक्की काय दिसतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती गेली.

हॉल गच्च भरला होता. निम्म्या लोकांना संवाद पाठ होते. एखादा गुंड तोंड उघडायचा, की त्याच्या आधी हॉलच बोलायचा आणि खदखदून हसायचा. लेकही हसत होती. मग मात्र सिनेमा रेंगाळला. नटी कोयत्याला धार लावतेय ती लावतेच आहे.

"एवढा गाजावाजा, आणि डोंगर पोखरून उंदीर," लेक कुजबुजली. "सूड कधी घेणार ही?"

आता नटीला आठवणारा तो हल्ला दाखवणार, हे आईला पार्श्वसंगीतावरूनच कळलं. ढोल वाजू लागला. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. पडद्यावर एक पाठ आली, फाटलेली बाही आली. चेहरा नव्हता. तिला वाटलं, सुटले.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "तयार?"

आणि पडद्यावरच्या किंकाळीबरोबर सगळा हॉल किंचाळला. मजेत, एका सुरात, हात वर करून. हा त्यांचा नेहमीचा खेळ होता. लेकीनेही तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं. लहानपणी तिच्या हातावर इस्त्री पडली होती, तेव्हा आई याच आवाजात ओरडली होती. तिने हळूच मान वळवली. आईचे डोळे पडद्यावर खिळले होते.

"आई... तू?"

आईने होकाराची मान हलवली. लेकीने तिचा हात धरला. "चल, जाऊ या."

"नाही. त्याला बोलू दे."

सूड शेवटी उरकला. हाल दाखवायला अर्धा सिनेमा, आणि दोघा गुंडांना एकाच गाण्यात गुंडाळलं. दिवे लागले. दिग्दर्शक काठी टेकत मंचावर आला. कुणीतरी विचारलं, "सर, ती किंकाळी नटीकडून कशी काढून घेतलीत?"

म्हातारा खूश झाला. "कलावंताला पिळावं लागतं हो."

आई उभी राहिली. "ती नटी नव्हती. मी होते. मी नुसती किंचाळले नाही, 'थांबवा' म्हणत होते. तुम्ही वरून ढोल टाकलात."

दिग्दर्शकाने डोळे बारीक केले. "सुई?"

"ओळखलंत म्हणजे."

"अगं, तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं..."

"लाइटवाल्याला नाही तसं वाटलं."

त्याने माइक खाली ठेवला, आणि संयोजकाने घाईघाईत कार्यक्रम संपवला. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. "टाळ्या नकोत," ती म्हणाली. "पुढच्या वेळी माझ्याबरोबर ओरडू नका, एवढं पुरे." काहींनी माना खाली घातल्या. एक जण मात्र जाता जाता पुटपुटला, "सगळी मजा घालवली म्हातारीने." ते तिने ऐकलं, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही, याचं तिला नवल वाटलं.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. लेक दाराशी उभी होती. तो नुसता हाताच्या मुठी आवळत, सोडत बसला. संसारभर तिने ज्या क्षणाची धास्ती घेतली, तो हाच.

मग त्याने विचारलं, "ते दोघे नट जिवंत आहेत?"

"एक आहे म्हणतात. का?"

"कुठे राहतो?"

"अहो, तुम्हाला जिना उतरायला कठडा लागतो."

"मग तू धर मला," तो म्हणाला. त्याने तोंड फिरवून डोळे पुसले.