देवीच्या पायाशी मीठ

आमच्या गावाला, अमळनेरच्या वाटेवर, नदीकाठी महादेवाचं फार जुनं दगडी देऊळ आहे. दाराशेजारी भिंतीत एक देवी कोरलेली. अंगावर चामखीळ आली की तिच्या पायाशी मूठभर मीठ वाहायचं. मीठ विरघळेल तशी चामखीळ जाते म्हणतात. मीही वाहिलंय, उगाच शहाणपण कशाला सांगू!

पण मी लहान होते तेव्हा देवीच्या पायात तोडे होते, तोड्यांना दाणे होते. आता घोटेच राहिले नाहीत. गुडघ्याला हात लावला तर दगडाचा पापुद्रा बोटाला चिकटून येतो. अहो, मातीच्या मडक्यात मीठ ठेवून बघा. ओल धरते, खार बाहेर फुटतो, आणि उन्हाळ्यात वाळला की मडक्याची पाठ सोलवटते. म्हणून तर आपण मिठाला चिनी मातीची बरणी वापरतो. देवीला कुठली बरणी? पावसाळ्यात मिठाचं पाणी होऊन दगडात मुरतं, आणि आपल्या खान्देशातलं ऊन तर काय सांगायचं!

सांगून सांगून तोंड दुखलं. शेवटी घरची स्टीलची परात नेली, देवीपासून चार हात लांब ठेवली. "मीठ यात टाका गं, देवीला दिसतंय तिथून."

धाकटी जाऊ नातीला घेऊन आली. परात बघून म्हणते, "अक्का, चामखीळ परातले ऊनी शे का?"

परातीला चामखीळ आली म्हटल्यावर सगळ्या बाया खो-खो हसल्या.

"हस तू, पण टाक त्यातच," मी म्हटलं. कुरकुरत टाकलं तिनं.

पुढच्या मंगळवारी गेले तर परात रिकामी, लख्ख घासलेली. इतकं बरं वाटलं! म्हटलं, गुरवानं मीठ नदीत सोडलं असणार. तेवढ्यात तोच आला.

"काळजी करू नका अक्का. लोकांचा नवस अर्धा राहायला नको. बठ्ठं, अगदी सगळं मीठ मी रोज देवीच्या पायाशी ओततो, वरून दोन बादल्या पाणी मारतो. एकदम स्वच्छ!"

मी कपाळाला हात लावला. "अहो आबा, त्या पाण्यानंच मीठ दगडात जातं ना!"

"मग चांगलंच की," तो म्हणाला, "देवीपर्यंत पोचलं."

परात उचलून घरी आणली. आता रोज सकाळी कोरडा कुंचा घेऊन जाते आणि पायाशी साचलेलं झाडते. सुपलीत मीठ येतं, आणि मिठाबरोबर देवीही थोडी थोडी येते.